ऑफ कोणी केलं?

४ तारीख, सोमवार

मॅडमनी आज मला ऑफ दिला. एक नव्हे, साठलेले सगळे. इतकी वर्षं मी घेतले नाहीत म्हणून ते साठत गेले, आणि या महिन्याच्या शेवटी मी निवृत्त होणार, त्याच्या आत ते संपवायलाच हवेत असं वरून आलं आहे म्हणे. मी म्हटलं, राहू द्या, मला नकोत. मॅडम म्हणाल्या, "दादा, ही विनंती नाहीये." मॅडम नव्या आहेत आणि वयाने माझ्या निम्म्या आहेत. रेडिओ म्हणतो, त्या तुम्हाला पाण्यात पाहतात. पंपिंग स्टेशनवर दुसरं कशात पाहणार?

रेडिओ म्हणजे उद्यापासून माझ्या जागी सकाळच्या पाळीला बसणारा ऑपरेटर. जागा असेपर्यंत बोलत असतो म्हणून रेडिओ. खरं नाव त्याच्या बायकोला माहीत असेल.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. पॅनलशेजारचा जुना लँडलाइन फोन महिनाअखेर काढून टाकणार. सगळ्यांकडे मोबाइल आहेत, त्या फोनवर येतंच कोण, असं त्यांचं म्हणणं. मी तांत्रिक हरकत घेतली, की वीज गेली तरी लँडलाइन चालतो. त्यांनी ती टिपून घेतली. टिपून घेणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे.

निघताना रेडिओला पॅनल समजावून दिलं. फोनचंही सांगितलं. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, सकाळी चहाच्या वेळेला, एक ब्लँक कॉल येतो. आपण "हॅलो, पंपिंग" म्हणायचं, पलीकडे कोणी बोलत नाही, मग फोन ठेवला जातो. लाइनचाच दोष असणार, पण ठेवायची घाई करायची नाही. दोनदा हॅलो म्हणायचं. रेडिओने विचारलं, दोष आहे तर दोनदा कशाला? मी म्हटलं, सांगितलंय तेवढं कर.

ही वही हिने दिली. "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा," म्हणाली.

५ तारीख, मंगळवार

ऑफचा पहिला दिवस. वेळेवर उठलो. कुठे जायचं नव्हतं.

आमच्या कामात हा शब्द फार जपून वापरतात. पंप थांबला म्हणजे ऑफ झाला असं नाही. ऑफ म्हणजे कोणीतरी लाल बटण दाबून हाताने थांबवलेला. आपोआप थांबला तर तो ट्रिप. फरक नुसता शब्दाचा नाही, पुढच्या कामाचा आहे. ट्रिप झालेला पंप कारण सापडल्याशिवाय सुरू करायचा नाही, केला तर मोटर जळते. ऑफ असेल तर कारण शोधत बसावं लागत नाही, हिरवं बटण दाबायचं. म्हणून "अमुक पंप ऑफ झालाय" असं कोणी सांगितलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणी केलं? नाव कळलं की काम संपलं.

दुपारी ही म्हणाली, "आज माझा मूड ऑफ आहे."

मी विचारलं, "कोणी केलं?"

"तुम्ही."

नाव कळलं, पण काम संपलं नाही. संध्याकाळपर्यंत भांडी जरा जोरातच वाजत होती.

७ तारीख, गुरुवार

घराला रंग द्यायचं ठरवलं आहे. म्हणजे हिने ठरवलं आहे आणि मी देणार आहे. रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ऑफ व्हाइट घ्या, मळ दिसत नाही. मी म्हटलं, पांढरा आहे ना? तो म्हणाला, पांढराच, पण पांढरा नाही. मी विचारलं, मग पांढरा ऑफ कोणी केला? त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने त्याला मानेनेच सांगितलं की लक्ष देऊ नका.

काचेवर पाटी होती, सगळ्या रंगांवर तीस टक्के ऑफ. शेजारी उभी असलेली बाई फोनवर कोणाला तरी सांगत होती की साहेब आज ऑफ आहेत, आणि हे मात्र ऑफ द रेकॉर्ड आहे. येताना शाळा लागली. पोरं मैदानात हुंदडत होती, म्हणाली, ऑफ तास आहे. एका शब्दाला किती राबवायचं याला काही धरबंध? मराठीत थांबायला, सुटायला, उतरायला, विझायला वेगवेगळे शब्द आहेत. ते सगळे घरी बसवले आणि या एकट्याला जुंपलं. त्याला मात्र साठलेले ऑफ कोणी देत नाही.

जिन्यात खालच्या मजल्यावरची भेटली. म्हणाली, "समोरच्या इमारतीतले आजोबा ऑफ झाले हो." मी तोंड उघडणार तोच हिने माझा दंड धरून मला वर आणलं.

घरात आल्यावर मी म्हटलं, "माणूस काय दिवा आहे ऑफ व्हायला?"

ही म्हणाली, "दिवा नाही. पण तुम्ही तिला काय विचारणार होता, ते मला ठाऊक आहे. एकदा विचारलंत तेवढं पुरे झालं."

मी रंगाचे डबे वर ठेवून दिले.

८ तारीख, शुक्रवार

भिंत घासताना हात गुंततात, डोकं मोकळं राहतं. हे काही बरं नाही.

हिने काल काढलं ते प्रकरण लिहून ठेवतो, म्हणजे ते डोक्यातून जाईल.

आई शेवटची दोन वर्षं धाकटीकडे होती. धाकटी म्हणजे माझी बहीण. दुसऱ्या गावी असते, तिथे चष्म्याच्या दुकानात नंबर काढून देते. आईचं सगळं तिनेच केलं, यात वाद नाही. त्या सकाळी माझी पाळी होती. दोन नंबरचा पंप सारखा ट्रिप होत होता, भोंगा वाजत होता, आणि लँडलाइन वाजला. धाकटी म्हणाली, "दादा, आई ऑफ झाली."

मी म्हटलं, "कोणी केलं?"

 मग फोन ठेवल्याचा आवाज आला. मला अर्थ लागला तो भोंगा बंद केल्यानंतर.

मी लगेच निघालो, सगळं रीतसर पार पडलं. पण ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. नंतर एकदा मुद्दाम तिच्याकडे गेलो आणि समजावून सांगितलं, की आमच्या कामात हा प्रश्न पहिलाच असतो, तो पंपासाठी असतो, त्याचा रोख कोणावर नसतो. मी अजून ट्रिप आणि ऑफमधल्या फरकापर्यंत आलोही नव्हतो. तिने दार लावून घेतलं. त्याला सात वर्षं झाली.

मला आजही वाटतं, प्रश्नात चूक नव्हती. तिने "गेली" म्हणायला हवं होतं. इतका चांगला शब्द हाताशी असताना ऑफ कशाला?

एकदा मी हिला म्हटलं होतं, की आमचं बोलणं ट्रिप झालेलं आहे. दोघांनी ठरवून थांबवलेलं नाही, आपोआप थांबलं. त्यामुळे कारण सापडल्याशिवाय सुरू करता येणार नाही. ही म्हणाली, "शोधा. तोपर्यंत मोटर गंजून जाईल."

१० तारीख, रविवार

पुढच्या खोलीचा पहिला हात झाला. ऑफ व्हाइट ओला असताना पांढरा दिसतो आणि वाळल्यावर मळका. दुकानदाराचं बरोबर होतं, मळ दिसत नाही, कारण सगळाच मळ दिसतो.

रेडिओला मोबाइलवर फोन केला. पंप ठीक आहेत. प्रेशर ठीक आहे. लँडलाइनबद्दल सहज विचारलं. अजून काही आला नाही म्हणाला. आला तर दोनदा हॅलो म्हणायचं, याची आठवण दिली. तो म्हणाला, "दादा, तुम्ही ऑफवर आहात की ड्युटीवर?" ही आतून म्हणाली, "हाच प्रश्न मला लग्नापासून पडलाय."

फोन महिनाअखेर जाणार. मग तो लाइनचा दोष कुठे जाईल, असा एक निरर्थक विचार मनात आला. धाकटीकडे माझा मोबाइल नंबर नाही. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, ओघात आलं म्हणून लिहिलं.

१२ तारीख, मंगळवार

संध्याकाळी रेडिओ घरी आला. एका व्हॉल्व्हबद्दल विचारायचं होतं. ते दोन वाक्यांत झालं, मग बातमीपत्र सुरू झालं.

"दादा, तुमचा तो ब्लँक कॉल आज आला होता. पण ब्लँक नव्हता. बाई होत्या."

"काय म्हणाल्या?"

"पहिल्या हॅलोला गप्प. मग तुम्ही सांगितलं होतं तसं दुसऱ्यांदा हॅलो म्हटलं, तर म्हणाल्या, 'दादा नाहीत का?' मी म्हटलं, दादा ऑफ झाले."

"ऑफवर गेले म्हणावं," मी सांगितलं.

"तेच ते. तर बाई एकदम सुन्न. मग बारीक आवाजात विचारतात, 'कोणी केलं?' मी म्हटलं, मॅडमनी. म्हटलं, दादांची मुळीच इच्छा नव्हती हो, पण आपल्या हातात काय असतं! शेवटच्या दिवशीसुद्धा स्वतःच्या हाताने पॅनल पुसून ठेवलं. तर बाई रडायलाच लागल्या. मी धीर दिला. म्हटलं, रडू नका ताई, सुटले एकदाचे, किती राबायचं माणसाने? तर फोनच ठेवून दिला."

मी त्याला म्हटलं, पाणी आलं नसेल त्यांच्याकडे. पाणी नसलं की माणसं रडकुंडीला येतात, आपण रोज ऐकतो. मात्र बाई हुशार दिसतात. ऑफ म्हटल्यावर "कोणी केलं" हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. पाणीखात्यातल्याच कोणीतरी असणार.

ही चहा घेऊन आली होती ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. रेडिओला विचारलं, "आवाज कसा होता?"

"बारीक. 'दादा' म्हणताना जरा लांबवून म्हणतात."

हिने कप ठेवले आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. कोणाला फोन करत होतीस म्हटलं, तर म्हणाली, "जुना नंबर आहे, स्विच ऑफ येतोय." मग कपाटातून जादाची गादी काढली, चादर बदलली, उशीला नवा अभ्रा घातला. मी कारण विचारलं. म्हणाली, "रंगाचा वास बसलाय सगळ्याला." गादी बंद कपाटात होती. तिला वास कसा लागेल? कुठेतरी पाणी मुरतंय, पण मी खोलात गेलो नाही.

जेवताना म्हणाली, "उद्या सकाळी कुठे जाऊ नका." मी म्हटलं, मला जायला जागा कुठे आहे?

१३ तारीख, बुधवार

आजचं सावकाश लिहितो.

सकाळी छताच्या कडेचा रंग मारत होतो. बेल वाजली. ही म्हणाली, "तुम्हीच उघडा." मी ब्रश हातात घेऊनच गेलो. अंगात फाटका बनियन, डोक्याला फडकं, तोंडावर ऑफ व्हाइटचे शिंतोडे. दार उघडलं तर धाकटी.

केस पिकले आहेत तिचे. डोळे सुजलेले. पिशवी एका खांद्यावर लोंबत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग डोक्यापासून पायापर्यंत.

"तू ऑफ झालास ना?" ती म्हणाली.

"हो. गेल्या मंगळवारपासून. मॅडमनी केलं."

तिने दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारलं. चांगलं लागलं. मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मला काही कळेना. मग रेडिओचा एकेक शब्द आठवायला लागला. सुटले एकदाचे. शेवटच्या दिवशीसुद्धा. आपल्या हातात काय असतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतका वेळ, इतक्या सोप्या गोष्टीला मला इतका वेळ लागावा! माझ्यासाठी कोणी रडत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

ही मागून म्हणाली, "तिला आत तरी घ्या. दारातच निकाल लावायचाय का?"

धाकटी आत आली. चहा झाला.  दुसऱ्या कपाला ती म्हणाली, "ते फोन मी करायचे. तू 'हॅलो, पंपिंग' म्हणालास की ठेवून द्यायचे. आहेस, एवढं कळलं की बास. काल दुसराच आवाज आला. तुझ्या पाळीला. मग राहवलं नाही."

"मला वाटलं, लाइनचा दोष आहे."

"नेमका यांच्याच पाळीत येणारा दोष," ही म्हणाली.

धाकटी कपाकडे बघत होती. "त्या माणसाने सांगितलं, दादा ऑफ झाले. आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितीये? 'कोणी केलं?' विचार करायच्या आत निघालं. ज्या दोन शब्दांपायी मी सात वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही, तेच. रात्रभर गाडीत बसून मी तेच घोळवत होते. मला कोणावर काही ढकलायचं नव्हतं रे. डोक्यात दुसरं काही आलंच नाही."

मी म्हटलं, "आमच्या कामात हा प्रश्न पहिलाच—"

"अहो," ही म्हणाली.

मी कप तोंडाला लावला.

मग धाकटीने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आईच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र असायचं, ते मी पाहिलं होतं. त्या सकाळी आई थंड पडली, मग डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, आणि म्हणाले, आता यंत्र ऑफ करा. तिने बटण दाबलं. तो आवाज थांबला आणि घर एकदम शांत झालं, आणि तिने मला फोन लावला. तोंडात तोच शब्द होता, डॉक्टरांचा. आणि मी विचारलं, कोणी केलं?

"मला वाटलं तुला कळलं," ती म्हणाली. "मग वाटायला लागलं, की खरंच मीच... थोडा वेळ थांबायला हवं होतं का? बटण दाबताना आई खरंच गेलेली होती का? डॉक्टर म्हणाले होते. पण दाबलं मी ना, माझ्या हाताने."

ती हे सात वर्षं एकटी धरून बसली होती. आणि मी तिकडे जाऊन तिला प्रश्नाचं तांत्रिक समर्थन ऐकवून आलो होतो. मला रडू आलं. रंगाचा वास डोळ्यांना झोंबतो हे खरं आहे, पण ते कारण नव्हतं.

मला समजूत घालता येत नाही. मला जे येतं ते मी विचारलं.

"आधी काय थांबलं? आई की यंत्र?"

"आई. डॉक्टर यायच्याही आधी. हात माझ्याच हातात होता."

"मग आई ट्रिप."

"म्हणजे काय?"

"आपोआप. ते कोणी केलेलं नसतं. पंप आधी ट्रिप झालेला असला आणि मग आपण लाल बटण दाबलं, तर आमच्याकडे त्याला ऑफ केला म्हणत नाहीत. तू यंत्र ऑफ केलंस. आई नाही. ते कोणीच केलं नाही."

तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मी तेच पुन्हा सांगितलं. हीसुद्धा ऐकत होती. इतक्या वर्षांत ऑफ आणि ट्रिपमधला फरक घरातल्या कोणी पूर्ण ऐकून घेण्याची ही पहिलीच वेळ.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आणि आपलं बोलणं? ते काय होतं?"

"ट्रिप," मी म्हटलं. "म्हणून तर मी कारण—"

"नाही. ते ऑफ होतं. ते मी केलं. हाताने."

मी विचार केला. तिचं बरोबर असेल तर सात वर्षं मी ज्याच्यामागे होतो ते कारण शोधायची गरजच नव्हती. मी तिला म्हटलं, "मग सोपं आहे. ऑफला काही शोधत बसावं लागत नाही."

"मग काय करायचं?"

"हिरवं बटण."

तिने पुढे वाकून माझ्या नाकावरचा रंगाचा ठिपका बोटाने दाबला. म्हणाली, "हिरवा नाहीये. पांढरा आहे."

ही म्हणाली, "ऑफ व्हाइट."

१६ तारीख, शनिवार

धाकटी आज परत गेली. तीन दिवस राहिली. आतल्या खोलीच्या भिंतीचा खालचा भाग तिने रंगवला, वरचा मी. मध्ये एक रेघ दिसते. ही म्हणाली, राहू द्या तशीच.

माझा मोबाइल नंबर तिने घेतला. तिचाही दिला.

३० तारीख, शनिवार

आज स्टेशनवर माझा सेंड-ऑफ झाला. या शब्दातही तो आहेच. पण आज मी कोणाला काही विचारलं नाही.

मॅडम चार शब्द बोलल्या. रेडिओ चारशे बोलला. बोलताना म्हणाला, दादा आज आपल्यातून जात आहेत, आणि मॅडमनी त्याला कोपराने ढोसलं. लँडलाइनची तार सकाळीच काढली होती. भिंतीवर दोन भोकं आणि फोनच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन राहिला आहे. मॅडमनी फोन कागदात गुंडाळून मला दिला. म्हणाल्या, "तुमची हरकत मी वर कळवली होती, दादा. ऐकली नाही कोणी." मी त्यांना उगाच नावं ठेवत होतो.

चहा आला. सवयीने मी त्या चौकोनाकडे पाहिलं. आणि खिशातला मोबाइल वाजला.

"हॅलो, पंपिंग," मी म्हटलं.

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मी ठेवायची घाई केली नाही. दुसऱ्यांदा हॅलो म्हटलं.

"दादा," धाकटी म्हणाली, लांबवून. "चालू आहेस ना?"

"चालू आहे."

"बरं. ठेवते मग."

आणि ठेवलाच नाही.